इंटिरिअरवाले नंतर, फ्रेमवाले काका आधी (बडोदा, टूबीएचके, भिंतभर चित्रं)

बडोद्यात ज्यांच्या घरी चित्रं आहेत, म्हणजे खरी, कागदावरची कॅनव्हासवरची, विकत घेतलेली नाहीतर आजीकडून आलेली, आणि जे फ्लॅटचं काम काढायच्या विचारात आहेत त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू. आम्ही दोघांनी अख्खा टूबीएचके चित्रांच्या हिशोबाने नव्याने लावला, त्यात एक इंटिरिअर डिझायनर, एक लाइटवाला, सुतार, रंगारी आणि एक फ्रेमवाले काका असे सगळे येऊन गेले. नावं कोणाचीच टाकत नाहीये. डिझायनरबद्दल थोडं वाकडं बोलणार आहे म्हणून, आणि काकांच्या दुकानाला बोर्डच नाहीये म्हणून. घाई असेल त्यांना निकाल आधीच सांगते, काका पाचपैकी साडेचार, लाइटवाला साडेतीन, डिझायनर अडीच आणि त्यातले दीड एका ड्रॉवरचे.

आधी आमच्याकडे काय आहे ते सांगते, नाहीतर लोकांना वाटतं कलेक्शन म्हणजे लाखालाखाची पेंटिंगं. तसलं काही नाही. नवरा सीए आहे, मी शाळेत शिकवते, आम्ही लग्नाच्या आधीपासून फाईन आर्ट्सच्या ऍन्युअल डिस्प्लेला जातो. जे बाहेरचे आहेत त्यांच्यासाठी, एमएस युनिव्हर्सिटीची फाईन आर्ट्स फॅकल्टी १९५० सालची, चित्रकार बेंद्रे, शिल्पकार शंखो चौधरी, चित्रकार के. जी. सुब्रमण्यन यांनी उभी केलेली, आणि वर्षाच्या शेवटी तिथली मुलं आपापलं काम मांडतात तेव्हा कोणीही जाऊन बघू शकतं, आवडलं तर त्या मुलाशीच बोलून घेऊ शकतं. आम्ही तिथून एचिंग, वुडकट, लिथो असे प्रिंट, म्हणजे धातूचा पत्रा, लाकूड नाहीतर दगड यावरून हाताने छापलेली चित्रं, घेत गेलो, तेव्हा दोन-तीन हजारात मिळायचे, खाली पेन्सिलने ३/१० असं लिहिलेलं असतं, म्हणजे दहातला तिसरा. मला वाटायचं सीए नवरा म्हणजे चित्रावर पैसे घालवताना नाक मुरडेल, पण बडोद्यात सीए आणि चित्रं हे काही नवीन नाही, प्रसिद्ध चित्रकार भूपेन खख्खर स्वतः सीए होते, हिशोबाची नोकरी करत चित्रं काढायचे. आमचे हे चित्रं काढत नाहीत पण एक्सेल शीट काढतात. कोणाचं, कोणत्या माध्यमात, कितवी कॉपी, कधी घेतलं, कितीला, फ्रेम कोणी केली, सगळं. तेव्हा मी हसायचे, पण इन्शुरन्सवाल्याने चित्रांची वेगळी यादी आणि पावत्या मागितल्या तेव्हा ती शीट पाच मिनिटांत त्याच्या हातात होती.

याशिवाय सासूबाईंकडून आलेल्या दोन जुन्या ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रासारखी दिसणारी छापील चित्रं, सरस्वती आणि लक्ष्मी, राजा रविवर्म्याच्या प्रेसच्या, सरस्वतीच्या साडीवर कोणीतरी जरी आणि टिकल्या चिकटवलेल्या. पूर्वी घरोघरी बायका करायच्या तसं सजवून. छोटाउदेपूरकडच्या राठवा आदिवासींचं एक पिठोरा, म्हणजे घोड्यांच्या रांगांचं त्यांचं देवाचं चित्र, आमचं कापडावरचं. मित्राने केलेली दोन मोठी अमूर्त कॅनव्हास, जी यांना फार आवडतात आणि मला ठीक वाटतात. थोडे ब्लॅक अँड व्हाइट फोटो, मातीची दोन-चार शिल्पं. आणि हॉलच्या मधोमध संखेडाचा हिंचका, लाल मरून आणि सोनेरी, लाखेच्या झिलईचा, सासऱ्यांनी घेतलेला. हिंचका म्हणजे झोपाळा, पण बडोद्यातल्या मराठी घरात त्याला झोपाळा म्हणणारं मी तरी कोणी बघितलं नाही.

काम काढायचं कारण २०२४ चा ऑगस्ट. विश्वामित्री नदी शहरात शिरली ते आठवत असेलच. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, पाणी घरात आलं नाही, पण खालचे फ्लॅट बुडाले, लाइट गेली, खिडक्या बंद, सगळ्या बिल्डिंगला ओल, आणि त्यानंतरच्या महिन्यात भिंतीवरच्या फ्रेमच्या आत एकेक तपकिरी ठिपका दिसायला लागला. पाच-सहा प्रिंट आम्ही एका मोठ्या चकचकीत दुकानातून फ्रेम करून घेतले होते, एसी, गुळगुळीत कॅटलॉग, सोनेरी पट्ट्यांचे नमुने भिंतभर, बिलही तसंच. त्यातलं एक उघडलं तर कागद सरळ काचेला चिकटलेला, मागे हार्डबोर्ड, आणि प्रिंट सेलोटेपने चारी बाजूंनी आवळलेला. टेप पिवळी पडून तिचा गोंद कागदात उतरलेला. त्या दुकानाला पाचपैकी शून्य द्यायची सोय असती तर बरं झालं असतं.

मग काय, घर पुसायचंच आहे, रंग काढायचाच आहे, तर सगळंच नीट करू, असं ठरलं. आणि सगळे करतात तसं आम्हीपण पहिला फोन डिझायनरला केला.

डिझायनर बाई वाईट नव्हती. वेळेवर यायची, बोलायला गोड, लॅपटॉपवर थ्रीडी एकदम फिल्मी. पण तिचा सगळा विचार सोफ्यापासून सुरू व्हायचा. सोफा कोणता, त्याला मॅच होणारा पडदा कोणता, मग टीव्हीच्या मागे फ्लुटेड पॅनल, मग उरलेल्या भिंतीवर "आर्ट". आम्ही म्हटलं आर्ट आहे आमच्याकडे, ती बघा ना आधी. तिने बघितली, मोबाइलवर फोटो काढले, पुढच्या थ्रीडीत आमची चित्रं खरंच आली, पण सगळी एकाच साइझची करून, एका ओळीत, काळ्या बारीक फ्रेममध्ये, आणि सरस्वतीची ओलिओग्राफ थोडी फिकी करून कारण तिचे रंग "लाउड" होते. हिंचका गायब. त्या जागी एक बोक्ले की बूक्ले कापडाची खुर्ची. सासूबाईंनी स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि चहा ठेवायला आत गेल्या. त्या आत गेल्या की समजून जायचं.

भांडण नाही झालं. आम्ही डिझाइनची फी दिली आणि काम स्वतः बघायचं ठरवलं. पण तिची एक गोष्ट मी कायम मानेन. तिने दिवाणाखाली रुंद आणि अगदी उथळ ड्रॉवर सुचवले, नकाशे ठेवतात तसले, जेमतेम तीन इंच उंचीचे, ज्यात फ्रेम न केलेले प्रिंट आडवे राहतील, गुंडाळावे लागणार नाहीत. आमच्याकडे निम्मे प्रिंट नळकांड्यात होते. ते बाहेर काढून सरळ करायला किती त्रास होतो ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. सुताराने तसे चार ड्रॉवर केले, आत लॅमिनेट, वर ऍसिड फ्री टिश्यू, कोपऱ्यात सिलिका जेलच्या पुड्या, त्या पावसाळ्यात बदलत राहायच्या. याचे दीड स्टार. उरलेला एक वेळेवर येण्याचा.

आता काका.

रावपुऱ्यात घड्याळाच्या टॉवरपासून आतल्या गल्लीत, एका जुन्या घराच्या ओसरीत दुकान. बाहेर पट्ट्यांची थप्पी उभी दिसली की तेच. मला त्यांचा पत्ता फाईन आर्ट्सच्या एका मुलीने दिला, तिथली बरीच मुलं त्यांच्याकडेच जातात. काका गुजराती, वय सत्तरीच्या पुढे, मराठी समजतं, बोलतात गुजरातीच. मी खराब झालेला प्रिंट समोर ठेवला. त्यांनी उलटा केला, सेलोटेप बघितली आणि "आ कोणे कर्युं?" असं ज्या आवाजात विचारलं ना, डॉक्टर विचारतात तसं. मग म्हणाले, "बेन, कागळ जीवे छे, एने जग्या जोईए." कागद जिवंत आहे, त्याला जागा लागते. हवेत दमटपणा वाढला की तो फुगतो, कमी झाला की आखडतो. चारी बाजूंनी आवळला तर लाटा येतात, काचेला टेकला तर दमट हवेत चिकटतो आणि बुरशी धरतो.

त्यांची पद्धत सांगते, कारण कुठल्याही फ्रेमवाल्याकडे गेलात तरी हेच विचारायचं. प्रिंटच्या वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन छोट्या बिजागऱ्या, त्या शिजवलेल्या खळीने लावायच्या, म्हणजे उद्या पाण्याच्या बोटाने सुटू शकतील, बाकी कागद खाली मोकळा लटकलेला. माउंट बोर्ड, म्हणजे चित्राभोवतीचा जाड पुठ्ठा, ऍसिड फ्री, हे महत्त्वाचं, साध्या बोर्डाच्या कापलेल्या कडेने काही वर्षांत कागदावर तपकिरी रेघ उमटते. काच आणि कागद यांच्यात माउंटची जाडी, आणि ज्या प्रिंटची फाटकी कड दाखवायचीय, म्हणजे हाताने केलेल्या कागदाची कड, तिथे माउंट नाही तर आतल्या बाजूने लपलेली पट्टी घालून अंतर. मागे बोर्ड, त्याच्या कडा कागदी टेपने बंद म्हणजे धूळ आणि कसर आत जात नाही. आणि फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबराच्या टिकल्या, त्यामुळे फ्रेम भिंतीला चिकटून न राहता मागून हवा फिरते. ही शेवटची गोष्ट एवढीशी, दोन रुपयांची, पण बडोद्याच्या पावसाळ्यात मला वाटतं सगळ्यात जास्त कामाची हीच.

सेलोटेपचे डाग पूर्ण गेले नाहीत. काकांनी स्पष्ट सांगितलं की ते काढायचं काम त्यांचं नाही, कागद दुरुस्त करणारा वेगळा माणूस असतो, मी फ्रेम करतो. वरची बुरशी मात्र मऊ ब्रशने, दुकानाबाहेर सावलीत, तोंडाला रुमाल बांधून झाडून दिली. जे येत नाही ते येत नाही म्हणणारा कारागीर मिळणं हल्ली अवघड झालंय, आमच्या रंगाऱ्याला तर सगळंच येत होतं.

ओलिओग्राफचं प्रकरण जास्त गंमतीचं. जुनी सागवानी फ्रेम, मागे लाकडाच्याच फळ्या, आणि फळ्यांच्या फटी जिथे होत्या तिथे कागदावर उभ्या रेघा उतरलेल्या, लाकडातलं ऍसिड. काकांनी सांगितलं फ्रेम टाकू नका, फळीपण टाकू नका, फक्त मध्ये अडसर घालू. मध्ये चांगला बोर्ड, फळी त्याच्या मागे, जुनी लाटालाटांची काच तीच ठेवली पण कडेने पातळ पट्टी देऊन कागदापासून दूर केली. टिकल्यांना हात लावला नाही. ओलिओग्राफ म्हणजे शेवटी छापील, एकेका रंगाला एकेक दगड, तेलाच्या शाईत छापून वरून व्हार्निश, तैलचित्रासारखं दिसावं म्हणून. सयाजीरावांनी रविवर्म्याकडून पौराणिक विषयांवरची १४ चित्रं करून घेतली होती, ज्यांना ती मूळ तैलचित्रं बघायचीत त्यांनी फत्तेसिंग म्युझियममध्ये जावं, आणि त्यानंतर काही वर्षांनी, १८९४ मध्ये, मुंबईत त्याचा छापखाना निघाला आणि राजवाड्यातल्या देव्या आमच्यासारख्यांच्या ओसरीत आल्या. नवरा म्हणतो या छापील आहेत, कलेक्शनमध्ये धरायच्या का? मी म्हटलं एक्सेलमध्ये सगळ्यात वर धरायच्या.

आता सासूबाई रोज सरस्वतीला हळदकुंकू लावतात. काचेवर. वर्षानुवर्षं. डिझायनरने हळूच सुचवलं होतं की हे जरा "आर्ट म्हणून" बघू या. कोण सांगणार त्यांना? मी काकांना सांगितलं तर ते म्हणाले त्यात काय, आणि फ्रेमच्या खाली चार इंचाची सागवानी फळी करून दिली, बारीक कठडा असलेली. कुंकू, फूल, निरांजन फळीवर, उदबत्ती मात्र देवघरात, कारण धूर फटीतून आत जातो आणि काचेला आतून काजळी धरते. सासूबाईंना काजळीचं लगेच पटलं, त्यांच्या माहेरच्या फ्रेमचं तसंच झालेलं. काचेवर एक टिकली त्या अजूनही लावतात. लावू दे.

पिठोरावरून आमच्या दोघांचं खरं भांडण झालं. यांना ते हॉलच्या मुख्य भिंतीवर हवं होतं, सोफ्याच्या मागे, लाइट मारून. माझं म्हणणं वेगळं होतं. राठवांच्या घरात पिठोरा ओसरीच्या आतल्या भिंतीवर काढतात, ज्या भिंतीच्या पलीकडे स्वयंपाकघर असतं, नवस फेडायला, बडवा, म्हणजे त्यांचा पुजारी, बोलावून, गावजेवण घालून. घोड्यांची रांग त्या भिंतीवर धावते. आपलं कापडावर विकायला केलेलं आहे, ते काही देवाचं नाही, मान्य, पण मग सोफ्यामागेच का? शेवटी आमच्या पॅसेजमध्ये, स्वयंपाकघराच्या भिंतीवर लागलं, आणि आता येणारा प्रत्येकजण पाणी प्यायला जाताना घोड्यांच्या बरोबर चालत जातो. यांनी मान्य केलंय की हे जास्त चांगलं आहे, लेखी मान्य करत नाहीत.

त्यातूनच आमचा नियम निघाला, जो दोघांनी एका घरात दोन आवडी घेऊन राहणाऱ्यांना मी फुकट देते. घरातल्या कोणत्याही चित्राला दोघांपैकी एकजण नकार देऊ शकतो, पण नकार देणाऱ्याने त्या जागेसाठी दुसरं काय ते सांगायचं. नुसता "नको" चालत नाही. त्यांची मोठी अमूर्त कॅनव्हास मला बेडरूममध्ये नको होती, तर मला सांगावं लागलं की मग कुठे, आणि ती जेवणाच्या टेबलासमोर गेली, आणि खरं सांगायचं तर जेवताना रोज बघून बघून मला त्यातला खालचा हिरवा पट्टा आवडायला लागलाय.

कुठे काय लावायचं हे आधी भिंतीने ठरवलं, आवडीने नंतर. आमची नैऋत्येची भिंत बाहेरची, पावसाचा मारा तिच्यावर, दरवर्षी पोपडे. तिथे कागदाचं काही लावायचं नाही, वॉटरप्रूफिंग केलं तरी नाही. तिथे मातीची शिल्पं आणि पुस्तकं, पुस्तकांचं कपाटपण भिंतीपासून दोन इंच पुढे. पश्चिमेच्या खिडकीसमोरच्या भिंतीवर संध्याकाळचं ऊन येतं, तिथेपण प्रिंट आणि फोटो नाहीत, कॅनव्हास आहे आणि खिडकीला जाड पडदा. प्रिंट सगळे आतल्या पार्टिशनच्या भिंतींवर, ज्या दोन्ही बाजूंनी कोरड्या असतात. हे एवढं साधं गणित थ्रीडीमध्ये कुठेच नव्हतं, कारण थ्रीडीत पाऊस पडत नाही.

उंची हा अजून एक वाद. सगळीकडे वाचाल की चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ ते ६० इंचांवर ठेवा, म्युझियममध्ये तसंच असतं. पण म्युझियममध्ये माणूस उभा असतो. आपण हिंचक्यावर बसतो. बसल्यावर डोळे साधारण ४४-४५ इंचांवर येतात, मग ६० इंचांवरचं चित्र बघायला मान वर. आम्ही हिंचक्यासमोरच्या भिंतीवर मध्य ५२ इंचांवर घेतला. उभं राहून थोडं खाली वाटतं, पाहुणे बोलतात, बोलू दे. आणि हिंचका हलतो, त्यामुळे काचेवरचं प्रतिबिंब पण हलतं, खिडकी चित्रावरून पुढेमागे सरकत राहते, म्हणून त्या एका भिंतीच्या फ्रेमना काकांनी नॉन ग्लेअर काच सांगितली. ती महाग आहे, सगळीकडे घालू नका, थोडी धुरकट पण दिसते, एचिंगच्या बारीक रेघा तिच्यामागे मऊ पडतात. बाकी ठिकाणी साधी काच. मोठ्या साइझला ऍक्रिलिक, वजनामुळे. हिंचक्याचा झोका मागच्या भिंतीला किती पोचतो तेपण मोजून घ्या, तिथे काचेचं काही नको.

खिळे आम्ही जवळजवळ ठोकलेच नाहीत. हॉल आणि पॅसेजमध्ये छताखाली ऍल्युमिनियमची रेल मारली, गॅलरीत असते तशी, त्यातून बारीक स्टीलची तार खाली येते आणि तारेवर सरकणारा हुक. सुरुवातीला तार दिसते म्हणून मला आवडलं नव्हतं, आठवड्याभरात दिसायची बंद झाली. फायदा असा की चित्र बदलायला, वरखाली करायला ड्रिल लागत नाही. आमच्याकडे गणपती बसतात, बडोद्यातल्या मराठी घरात ते आलंच, आणि मखर ज्या भिंतीशी असतं ती भिंत त्या दिवसांपुरती मोकळी करायची असते. पूर्वी खिळ्यांवर तोरणं लटकवायचो. आता अर्ध्या तासात चित्रं उतरून दिवाणाखालच्या ड्रॉवरशेजारी उभी. रेल मारणाऱ्याने बीममध्ये हॅमर ड्रिल लावलं तेव्हा शेजारच्या काकूंनी दुपारी दोनला बेल वाजवली, ते सोडलं तर काम नीट झालं.

लाइटवाल्याबद्दल. दुकानातला पोरगा म्हणाला, "बेन, बधी एलईडी सरखी ज होय." म्हणजे सगळ्या एलईडी सारख्याच. अजिबात नसतात. खोक्यावर सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, बघायचा, ९० च्या वर हवा, नाहीतर सरस्वतीची लाल साडी विटकरी दिसते, आम्ही ८० चा आणि ९० चा बल्ब दुकानातच आळीपाळीने लावून यांच्या लाल फाइलवर बघितला, फरक त्या पोरालापण दिसला. रंग ३००० केल्विन घेतला, पांढराफटक दवाखाना नको आणि पिवळं हळदीसारखंपण नको. ट्रॅकवर छोटे स्पॉट, चित्रावर तिरके पडतील असे, सरळ समोरून मारले तर काचेत बल्बच दिसतो. कागदाच्या कामाला म्युझियममध्ये ५० लक्सच्या आसपासच उजेड ठेवतात कारण उजेडाने रंग उडतो तो परत येत नाही, थोडा थोडा करून साठत जातो. आम्ही मोबाइलच्या ऍपने मोजलं, ते काही फार बिनचूक नसतं, पण पहिल्या दिवशी प्रिंटवर तिप्पट-चौपट दाखवत होतं तेव्हा उजेड कमी करायचा डिमर घेतला. आणि इथे लाइटवाल्याचे स्टार कापले, त्याने दिलेला डिमर लाइटच्या ड्रायव्हरला, म्हणजे एलईडीला वीज देणाऱ्या डबीला, चालणारा नव्हता, कमी केला की लाइट लुकलुकायची, बदलून द्यायला खूप टोलवाटोलवी केली. ड्रायव्हर आणि डिमर एकाच वेळी, एकत्र चालवून, दुकानातच बघून घ्या. चित्रांचे स्पॉट वेगळ्या स्विचवर घ्या म्हणजे रोज जळत राहत नाहीत. आमच्याकडे पाहुणे आले की लागतात, आणि रात्री जेवण झाल्यावर थोडा वेळ.

फॉल्स सीलिंग केलं नाही, छत आधीच कमी उंच आणि हिंचक्याच्या कड्या वर आहेत. टीव्ही बेडरूममध्ये गेला, यावर यांची थोडी नाराजी आहे, क्रिकेट असलं की.

रंग. सगळं पांढरं करा असं सगळे सांगतात. प्रिंटच्या भिंतींना ऑफ व्हाइट मॅट दिला, मॅटच घ्या, रंगारी चमकणारा गळ्यात मारतो कारण पुसता येतो, पण तो रात्री स्पॉटखाली डोळ्यात येतो. ओलिओग्राफची भिंत मात्र गडद, विटकरीच्या पुढचा तपकिरी लाल. फिकट भिंतीवर त्या देव्या खरंच भडक दिसत होत्या, डिझायनर त्या बाबतीत चुकीची नव्हती, पण उपाय चित्र फिकं करणं नाही, भिंत गडद करणं आहे. ही कल्पना आम्हाला तांबेकर वाड्यात आली, रावपुऱ्यातच आहे, काकांकडे फ्रेम टाकून तिथे चक्कर मारली होती. आख्ख्या भिंती चित्रांनी भरलेल्या, कृष्णाच्या, महाभारताच्या गोष्टी, इंच मोकळा नाही, आणि तरी डोळ्याला त्रास होत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या बडोद्याच्या दिवाणाचं घर ते, त्यांना कोणी सांगितलं नसणार की एका भिंतीला एकच फोकल पॉइंट ठेवा. मोकळ्या भिंतीचं वेड मला तरी उसनं वाटतं. ज्यांना मोठ्या भिंतीवर मोठं चित्र कसं बसतं ते बघायचंय त्यांनी कीर्तिमंदिरात, म्हणजे गायकवाडांच्या स्मारकात, जाऊन नंदलाल बोस यांचं गंगावतरण हे भित्तिचित्र बघावं, नंतर आपल्या हॉलच्या भिंतीबद्दल जरा नम्रपणे विचार होतो.

पैशाचं म्हणाल तर काकांनी साधारण १६ बाय २० इंचाच्या प्रिंटला, ऍसिड फ्री माउंट आणि साधी काच धरून, अडीच हजाराच्या आसपास घेतले, लाकडी पट्टी घेतली की वाढतं, नॉन ग्लेअर काचेला जवळजवळ दीडपट. त्या चकचकीत दुकानाने सेलोटेपसकट यापेक्षा जास्त घेतले होते. एकदम सगळं करायला गेलो असतो तर झेपलं नसतं, म्हणून आधी खराब झालेले, मग जुने, मग बाकीचे असे टप्प्याटप्प्याने केले. एकूण खर्चात फ्रेमिंग आणि लाइट मिळून जेवढं झालं त्यापेक्षा डिझायनरचं नुसतं टीव्ही पॅनल महाग होतं. म्हणून म्हणते, क्रम उलटा करा. आधी फ्रेमवाल्याकडे चित्रं न्या, फ्रेम झाल्यावरचा खरा साइझ कळू द्या (माउंट आणि पट्टी धरून चित्र चारही बाजूंनी वाढतं, हे थ्रीडीत कोणी धरत नाही), मग जमिनीवर वर्तमानपत्रं त्या साइझची कापून मांडा, मग रेल, मग लाइटचे पॉइंट, आणि सोफा सगळ्यात शेवटी. सोफा कुठेही मिळतो.

काकांचा अर्धा स्टार का कापला तेपण सांगते. वेळ. सांगितलेल्या तारखेला काम होत नाही, कधीच नाही. "काले" म्हणजे उद्या असं धरू नका. उत्तरायणाला दोन दिवस दुकान बंद, ते तर सगळं शहरच बंद असतं, पण नवरात्रातपण दुपारपर्यंत उघडत नाही, सत्तरीतला माणूस रात्री गरबा बघायला जातो आणि वर अभिमानाने सांगतो. दिवाळीच्या आधी देवांच्या फोटोंची एवढी गर्दी की तुमचा प्रिंट महिनाभर कपाटात राहील. पावसाळ्यात ते कागदाचं काम शक्यतो घेतच नाहीत, म्हणतात दमट कागद आत बंद केला तर दमटपणापण आत बंद होतो. मला आधी ही टाळाटाळ वाटली होती, पण नवऱ्याने त्याच्या शीटमध्ये बघितलं, खराब झालेले सगळे प्रिंट त्या दुसऱ्या दुकानाने जुलै-ऑगस्टमध्ये फ्रेम केलेले.

तर डिसेंबर ते मे या दिवसांत जा, सकाळी अकराच्या नंतर. चित्र गुंडाळून नेऊ नका, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये सपाट न्या. गाडी टॉवरच्या आसपास लावायला जागा मिळणार नाही, रिक्षाच बरी. पट्टी कोणती घेऊ असं विचारलंत तर ते सांगणार नाहीत, चित्र भिंतीला उभं करून स्टुलावर बसतील आणि तुम्हालाच बघायला लावतील, त्याला वेळ घेऊन जा. पैसे यूपीआयने घेतात, पण मोबाइल नातवाच्या हातात असतो आणि नातू कॉलेजला असतो, म्हणून थोडी कॅश ठेवा.